पिकअपच्या सीटखाली बेस बसवताना

नागरा आणि आसपासच्या गावांतल्या पिकअपवाल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. धानाचा हंगाम उरकला, मिलचे भाडे हातात आले, की गाडीवर काहीतरी करावेसे वाटतेच. कोणी समोरच्या काचेवर देवाचे नाव लिहून घेतो, कोणी सीटला नवे कव्हर चढवतो, आणि अलीकडे बरेच जण सीटखाली बेस बसवून घेतात. त्यात गैर काही नाही. जो माणूस दिवसाचे दहा तास त्या केबिनमध्ये काढतो, त्याने तिथे चांगले गाणे ऐकायचे नाही तर कुठे ऐकायचे? माझी तक्रार एवढीच की बेसच्या डब्यावर पंधरा हजार मोजणारा माणूस वायरीवर दोनशे रुपये वाचवतो. हा हिशेब उलटा आहे. बेस लहान घ्या, वायर जाड घ्या, आणि बसवताना स्वतः गाडीजवळ उभे राहा. बाकीचे सगळे याच तीन गोष्टींचा खुलासा आहे.

आधी गाडी कोणती ते पाहू. छोटा हत्ती असेल तर सीटखालच्या बेसचा विचारच सोडा. टाटा एसचे इंजिन सीटच्या खालीच असते, मारुती सुपर कॅरीचेही तसेच. तिथे डबा ठेवणे म्हणजे त्याला चुलीवर ठेवणे. अशा गाडीत दारातले स्पीकर बदलून घ्या, फार तर सीटच्या पाठीमागे पातळ डबा बसतो का पाहा, आणि तिथेच थांबा. बोलेरो पिकअप, योद्धा, इसुझू यांचे इंजिन बॉनेटखाली पुढे असते, त्यामुळे सीटखाली जागा सापडते. बोलेरो कॅम्परसारखी डबल केबिन असेल तर मागच्या बाकाखाली आणखी सोपे जाते.

आता मोठा गैरसमज. मोठी गाडी, मग बेसही मोठा हवा, असे सगळ्यांना वाटते. पण बेसला गाडीशी देणेघेणे नसते, केबिनशी असते. ४० हर्ट्झच्या जाड सुराची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते. सिंगल केबिन आतून दीड-पावणेदोन मीटरची. एवढ्या लहान जागेत ती लाट धावूच शकत नाही. वूफरचा पडदा पुढे आला की केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की एकदम सैल होते. काचा वर असल्या की हाच दाब कानावर येतो. म्हणून मोठ्या हॉलमध्ये ज्या सुरासाठी दोन-दोन पेट्या लागतात, तो पिकअपच्या केबिनमध्ये आठ इंची पातळ वूफर सहज देतो. डबल केबिनमध्ये थोडा कमी, पण पुरेसा. लग्नातल्या डीजेची छाती हादरवणारी धडधड हवी असेल तर मात्र ते काम या डब्याचे नाही. ढोलकी, मांदर, बेस गिटार, तबल्याचा डग्गा, यांचा जो तळ कारखान्याच्या स्पीकरमध्ये ऐकूच येत नाही, तो भरून काढणे एवढेच याचे काम, आणि ते तो नीट करतो.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. चार सिलिंडरचे इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोनदा पेटते. म्हणजे १८०० आरपीएमवर मिनिटाला ३६०० वेळा, सेकंदाला ६० वेळा. हा झाला ६० हर्ट्झचा घुमारा, आणि गाण्यातला बेसही नेमका याच पट्टीत वाजतो. त्यामुळे बालाघाट रोडवर गाडी एका लयीत पळत असली की इंजिन गाण्याचा बेस खाऊन टाकते. ड्रायव्हर आवाज वाढवतो. मग रावणवाडीला गाडी थांबली की तोच बेस डोके उठवतो. यावर उपाय म्हणजे जास्त वॅटचा डबा, असे दुकानदार सांगेल. त्याआधी इंजिनची माउंटिंग रबरे बघा. ती बसली असतील तर सगळी थरथर पत्र्यात उतरते. दाराचे रबर फाटले आहे का, दाराच्या आतली क्लिप तुटून पॅनेल वाजते आहे का, डॅशबोर्डवर सुटे स्क्रू नाचत आहेत का, ते बघा. दाराच्या आतल्या पत्र्यावर ब्युटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवली तर आहे तो स्पीकरही सुधारतो. छपराला लावायची डांबरी शीट स्वस्त मिळते म्हणून ती लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बंद केबिनमध्ये डांबर मऊ पडते आणि वास महिनाभर जात नाही. ही कामे आधी केली तर काही जणांना बेसची गरजच वाटणार नाही. ज्यांना वाटेल त्यांना लहान बेस पुरेल.

डबा घ्यायच्या आधी सीटखाली डोकावा. टॉर्च घ्या, पायपुसणे काढा, आणि खरोखर गुडघ्यावर बसून आत पाहा. जॅक, टायरचा पाना, दोराची गुंडाळी, मेणकापडाचा तुकडा, पावत्यांची पिशवी, खर्ऱ्याच्या रिकाम्या पन्न्या, आणि या सगळ्यावर तांदळाच्या कोंड्याचा पिवळसर थर. हे सगळे बाहेर काढल्यावर जी जागा उरते ती तुमची जागा. त्यातही जॅक कुठेतरी ठेवावाच लागणार, तो बेससाठी डाल्यात फेकून देऊ नका. पंक्चर नेहमी रात्रीच होते.

मोजमाप टेपने घेतलेत तरी तेवढ्यावर विसंबू नका. सीटखालचे पातळ डबे साधारण ७ ते ८ सेंटिमीटर उंच असतात. रिकाम्या सीटखाली १० सेंटिमीटर दिसले म्हणून खूश होऊ नका. वजनदार हमाल सीटवर बसवा, त्याला थोडे हलायला सांगा आणि मग मोजा, कारण सीटच्या स्प्रिंगा खाली येतात. डब्याच्या वर दीड-दोन सेंटिमीटर मोकळी हवा राहिलीच पाहिजे. आतल्या अँपची (अँप्लिफायरची) उष्णता त्याच्या पत्र्यातून बाहेर जाते. डब्याची लांबी-रुंदी-उंची दुकानातून लिहून आणा, खोक्याचा पुठ्ठा आणि थर्माकोल कापून त्याच मापाचा खोटा डबा बनवा, तो सीटखाली ठेवून दोन दिवस गाडी चालवा. सीट पुढेमागे सरकवा. पुठ्ठा चेपला तर खरा डबाही तिथे अडकणार. दहा रुपयांच्या पुठ्ठ्याने दहा-बारा हजारांची चूक वाचते.

जागा कंडक्टरच्या बाजूची निवडा. ड्रायव्हरच्या सीटखाली डबा ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. खड्ड्यात तो सुटला आणि घसरत ब्रेकच्या पेडलखाली गेला, तर पुढचे सांगायला नको. कंडक्टरच्या बाजूलासुद्धा डबा पट्टी आणि बोल्टने आवळायचा. एकट्या वेलक्रोवर भरवसा नको, उन्हाने त्याचा गोंद सुटतो. बोल्टसाठी तळाला भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा. केबिनच्या फरशीखालून ब्रेकचा पाइप, डिझेलचा पाइप आणि वायरींचा जुडगा जातो. शक्यतो सीटच्याच बोल्टचा आधार घ्या, नवे भोक पाडूच नका. नव्या गाड्यांत सीटखाली पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर त्याला हात लावू नका. ती एअरबॅग किंवा सीटबेल्टची असते.

आता डब्यावरचे आकडे. ‘१२०० वॅट’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले असते. तो आकडा विसरा. आरएमएस, म्हणजे डबा सतत देऊ शकतो ती खरी ताकद, किती ते विचारा, आणि दुकानदाराने टाळाटाळ केली तर डबा उलटा करून फ्यूज बघा. बहुतेक डब्यांना वायर लागते तिथेच फ्यूज असतो. त्यावर १५ लिहिले असेल, तर तो डबा १५ अँपिअरपेक्षा जास्त वीज सतत ओढूच शकत नाही. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. १५ गुणिले १४, झाले २१० वॅट. एवढे तर आत जाणार, त्यातले काही उष्णतेत जाणार, मग बाहेर १२०० कुठून येतील? हा गुणाकार दुकानातच मोबाइलवर करून दाखवा, भाव आपोआप खाली येतो. सीटखालच्या चांगल्या डब्यांचे खरे आरएमएस ५० पासून सव्वाशेपर्यंत असते आणि सिंगल केबिनला तेवढे पुष्कळ झाले. सोनी, पायोनियर, जेबीएल, केनवूड यांचे डबे मिळतात. मला त्यांच्यात भांडण लावायचे नाही. जो तुमच्या पुठ्ठ्यात बसतो तो चांगला. फक्त नावाची नक्कलही सर्रास विकली जाते, तेव्हा जीएसटीचे पक्के बिल, सिरियल नंबर आणि वॉरंटीचा शिक्का घेतल्याशिवाय गोंदियाच्या दुकानातून पाय काढू नका. आत अँप असलेलाच डबा घ्या. अँप वेगळा आणि वूफर वेगळा घेतला की जागा दुप्पट लागते आणि वायरीही.

आणि आता वायर. इथे मला जरा वेळ द्या, कारण गाड्या जळतात त्या इथेच.

बेससाठी लागणारी वीज थेट बॅटरीवरून आणायची. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून नाही, टेपच्या वायरीला फांदी काढूनही नाही. त्या वायरी त्यांच्या कामापुरत्या जाडीच्या असतात. शंभर वॅट आरएमएसचा डबा जोरात वाजताना सहज दहा अँपिअर ओढतो. समजा तुम्ही घरच्या दिव्याला लावतो तशी १ स्क्वेअर एमएमची वायर वापरली आणि बॅटरीपासून डबा चार मीटरवर आहे. त्या वायरीतच पाऊण व्होल्टच्या आसपास वीज गळते आणि सात वॅट उष्णता तिच्या अंगात मुरते, तीही इंजिनच्या शेजारून जाताना. ४ स्क्वेअर एमएमची घेतली तर ही गळती चौपट कमी होते. म्हणून ४ घ्या, जमल्यास ६ घ्या, बारीक तारांची लवचिक गाडीची वायर घ्या, आणि तांब्याचीच घ्या. बाजारात ‘अँप किट’ नावाने जी चकचकीत जाड वायर मिळते ती बरेचदा आतून ॲल्युमिनियमची असून वर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने दोन तारा खरवडून पाहा. आतून पांढरट निघाली तर परत द्या. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ-एकसष्ट टक्केच वीज वाहून नेते, आणि पावसाळ्यात टोकाला पांढरी भुकटी धरते.

फ्यूज बॅटरीजवळ. बॅटरीच्या प्लसपासून अर्ध्या मीटरच्या आत. डब्याला फ्यूज आहे, मग दुसरा कशाला, असे वायरमन म्हणेल. डब्याचा फ्यूज डब्याला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीला वाचवतो. मधल्या चार मीटरांत वायर कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली, तर बॅटरी शेकडो अँपिअर त्या एका बिंदूत ओतते. डब्याचा फ्यूज तेव्हा शांत बसून राहतो, कारण वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वायर लाल होते, रबर पेटते, आणि केबिन पेटायला वेळ लागत नाही. बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज असता तर तो क्षणात उडाला असता. फ्यूज किती अँपिअरचा, हे डब्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, ते पाळा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्याच्या जागी तार गुंडाळून दिली, तर त्या माणसाकडून गाडीची किल्ली परत घ्या.

इंजिनकडून केबिनमध्ये वायर आणताना मधल्या पत्र्याला आधीच एखादे रबरी बुचाचे भोक असते. त्यातून आणा. उघड्या पत्र्याच्या कडेवरून वायर ओढली तर आपल्या रस्त्यांवर सहा महिन्यांत ती कापली जाते. संपूर्ण वायरीवर काळी पन्हाळीदार स्लीव्ह चढवा, दर वीतभर अंतरावर टाय बांधा, गिअरच्या दांड्याजवळून आणि सीटच्या रुळावरून नेऊ नका. स्लीव्हचा आणखी एक उपयोग इथल्या लोकांना वेगळा सांगायला नको. धान वाहणाऱ्या गाडीत उंदीर येतो, आणि त्याला वायरीचे रबर धानाइतकेच आवडते.

अर्थिंग हा अर्धा खेळ आहे, आणि बहुतेक जण ती सीटच्या रंगवलेल्या बोल्टला गुंडाळून मोकळे होतात. डब्यापासून हातभर अंतरात केबिनच्या जाड पत्र्यावर जागा निवडा. रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने घासून काढा, पत्रा चकाकू लागेपर्यंत. मायनसची वायर प्लसइतकीच जाड हवी. तिच्या टोकाला तांब्याचा लग दाबून बसवा, खाली दातेरी वायसर, वर बोल्ट, आणि चांगला आवळा. मग वर ग्रीसचा किंवा व्हॅसलीनचा हात फिरवा, नाहीतर पहिल्याच रोवणीच्या चिखलात गंज धरेल. इंजिनचा वेग वाढवला की स्पीकरमधून बारीक शिट्टी वाढत जाते, ती बहुतेक वेळा अशाच कच्च्या अर्थिंगमुळे असते. सिग्नलची वायर आणि बॅटरीची वायर शेजारी-शेजारी नेली तरी ती येते; म्हणून एक डाव्या बाजूने, दुसरी उजव्या बाजूने न्या.

सिग्नल कुठून घ्यायचा? टेपच्या मागे सबवूफरसाठी वेगळी पिन असेल तर उत्तम. नसेल तर डब्याला ‘हाय लेव्हल’ इनपुट आहे ना ते घेण्याआधी पाहा. मग स्पीकरच्या वायरींतूनच सिग्नल घेता येतो. इथे दोन गोष्टी. कंपनीची वायर कापू नका, त्या टेपचा कपलर बाजारात मिळतो, तो मधे लावा. नव्या गाडीची वॉरंटी वाचते आणि गाडी विकताना सगळे जसेच्या तसे काढता येते. आणि स्पीकरची मायनस वायर कधीही बॉडीला टेकवू नका. आजकालच्या टेपमध्ये ती अर्थ नसते. टेकली की टेपची आयसी गेली. चालू-बंदची बारीक वायर एसीसीवर लावा, म्हणजे किल्ली काढली की बेसही झोपतो. थेट बॅटरीवर लावली तर डबा रात्रभर जागा राहतो.

बॅटरीवरून आठवले. आधारभूत खरेदी केंद्रावर धानाच्या गाड्यांची रांग लागते, कधी एक रात्र, कधी दोन. इंजिन बंद, गाणी सुरू. टेप आणि बेस मिळून सरासरी चार अँपिअर जरी ओढत असतील, तरी सहा तासांत चोवीस अँपिअर-तास गेले. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू रिकामी होण्यासाठी नाही. तिला चार-पाचदा असे कोरडे केले की ती वर्षभरात राम म्हणते. पहाटे काटा रिकामा झाला, मागचे लोक ओरडत आहेत, आणि तुमची गाडी फक्त टक-टक करते. रांगेत असताना मोबाइलवर ऐका. मंडईच्या रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी गाडीचे दार उघडे टाकून गाणी लावणाऱ्यांनाही हेच सांगणे. दार उघडले की बेस निम्मा बाहेर पळतो, म्हणून आवाज वाढवला जातो, आणि बॅटरी त्याची किंमत देते.

बसवून झाल्यावर जुळवणी स्वतः करा, वायरमनच्या कानावर सोडू नका; त्याला दुकानातून जोरात ऐकवायचे असते. बेस बूस्ट शून्यावर. लो पास ८० हर्ट्झच्या आसपास. त्याहून वर नेला की माणसाचा आवाजही सीटखालून येऊ लागतो. टेपचा आवाज पाऊण करा, गेन हळूहळू वाढवा, जिथे भडभड सुरू होते तिथून थोडा मागे घ्या. मग फेजचे बटण शून्यावर आणि १८० वर करून पाहा, ड्रायव्हरच्या सीटवर बसून. ज्यात बेस जास्त भरीव वाटतो ते ठेवा. हे सगळे उभ्या गाडीत झाले. आता नेहमीच्या वेगाने पाच किलोमीटर चालवा आणि पुन्हा ऐका, कारण इंजिनच्या घुमाऱ्याचे मी वर सांगितले आहे. डब्यासोबत वायरचे छोटे नॉब येते, ते हाताशी येईल असे लावा: चालताना थोडे वर, थांबल्यावर खाली.

पाणी आणि कोंडा ही आपल्याकडची खास दुखणी. बांधीतून थेट गाडीत चढणारे पाय, ओली मेणकापडे, पावसात उघडी राहिलेली काच, सगळे पाणी शेवटी सीटखालीच जमते. डबा थेट फरशीवर ठेवू नका. खाली दोन सेंटिमीटरची रबरी पट्टी किंवा मरीन प्लायचा तुकडा द्या. वूफरची जाळी ज्या बाजूला आहे ती बाजू दाबली जाणार नाही एवढे बघा. वॉशिंगवाला पोरगा केबिनच्या फरशीवरही प्रेशरचा पाइप मारतो, त्याला आधी सांगा, आणि सांगूनही तिथेच उभे राहा. महिन्यातून एकदा ब्रशने कोंडा झाडा. कोंडा उष्णता धरून ठेवतो, आणि गरम अँपवर कोरड्या कोंड्याचा थर मला तरी बरा वाटत नाही.

कानाचेही थोडे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. दर ३ डेसिबल वाढले की हा वेळ निम्मा होतो. डिझेल पिकअपची केबिन मुळातच शांत नसते, त्यात तुम्ही आठवड्याला साठ तास बसता. आणि ड्रायव्हरचा कान हे त्याचे हत्यार आहे. पट्टा सुटतानाची किरकिर, बेअरिंगचा घरघराट, दोर ढिला पडून मागचे कट्टे सरकल्याचा धप्प आवाज, फाटकावर येणाऱ्या गाडीचा भोंगा, हे ऐकू आले पाहिजे. काच खाली केल्यावर शेजारच्याचा हॉर्न ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे, एवढी खूण पुरे.

गावाचा विचारही करा. ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५, शाळा आणि दवाखान्यांभोवती सरकारने जाहीर केलेले शंभर मीटर शांतता क्षेत्र. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शिवमंदिराकडे माणसांचा पूर असतो. त्या गर्दीत काचा वर आणि नॉब खाली ठेवा.

विम्याचे एक काम लोक हमखास विसरतात. कंपनीने न बसवलेले इलेक्ट्रॉनिक सामान गाडीच्या विम्यात आपोआप धरले जात नाही. त्याची वेगळी नोंद करून थोडा जादा प्रीमियम भरावा लागतो. एजंटला आयएमटी २४ म्हटले की त्याला कळते. बिल जपून ठेवा. आगीचा दावा गेला की सर्व्हेअर सर्वांत आधी बाहेरून ओढलेली वायरच शोधतो, आणि त्या वेळी बॅटरीजवळचा फ्यूज आणि स्लीव्ह घातलेली वायर तुमच्या बाजूने बोलते.

बसवल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, माल भरून पाच-सहा फेऱ्या झाल्या की, पुन्हा एकदा पाना घेऊन बसा. अर्थिंगचा बोल्ट, बॅटरीचा लग, डब्याची पट्टी, तिन्ही थोडे तरी ढिले झालेले सापडतील, आवळा. वायरीवरून हात फिरवा, कुठे गरम लागते का बघा. आणि त्याच अँपिअरचे दोन फ्यूज चिकटपट्टीने डॅशबोर्डच्या कप्प्यात चिकटवून ठेवा. आमगावच्या पुढे रात्री अकराला फ्यूज विकणारे दुकान उघडे नसते.